डोंगर नसलेल्या मुलखातील दुर्ग : सोलापूरपासून एका दिवसाच्या चार वाटा

१/ शनिवार उजाडला की पुण्याची मंडळी सिंहगड, राजगड, तोरण्याची वाट धरतात. मुंबईकर कर्जत-कसाऱ्याची लोकल पकडून सह्याद्रीच्या कुशीत शिरतात. सोलापूरच्या दुर्गवेड्या तरुणाने काय करावे? सिंहगडाचा पायथा येथून सुमारे अडीचशे किलोमीटर आणि रायगड त्याहून कितीतरी दूर. सकाळी निघून रात्री घरी परतावे, अंगात शीण आणि डोक्यात इतिहास असावा, असा एकही गड आपल्या वाट्याला आला नाही, ही खंत येथे अनेकदा ऐकू येते. आजचा धागा त्या खंतीला उत्तर देण्यासाठी आहे.

२/ प्रथम शब्दापाशी थांबू. 'दुर्ग' म्हणजे जेथे जाणे कठीण ते स्थळ. या व्युत्पत्तीत डोंगराचा उल्लेख नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात पाण्यातील, पर्वतावरील, निर्जल प्रदेशातील आणि वनातील असे दुर्गांचे चार प्रकार सांगितले आहेत. मनुस्मृतीत सहा प्रकार आहेत आणि त्यांत गिरिदुर्ग श्रेष्ठ मानला आहे. परंतु ज्या राजाच्या मुलखात गिरीच नाही, त्याने काय करायचे? सोलापूरच्या परिसरातील किल्ले हे या एका प्रश्नाला चार ठिकाणी दिलेले चार उत्तरे आहेत, असे समजून पुढे चला.

३/ सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरच्या पठारावर वसले आहे. काळी माती, बाभळी, ज्वारीची शिवारे आणि नजर पोहोचेल तेथवर सपाटी. सह्याद्रीत कडा आधी होता, तट नंतर आला. येथे मात्र अवघडपणा माणसाला स्वतःच्या हातांनी रचावा लागला. म्हणून या किल्ल्यांतून हिंडताना पाय कमी दमतात, पण डोळ्यांना आणि बुद्धीला अधिक कष्ट पडतात. सोलापूरचे ऊन त्यात आपली भर घालतेच.

४/ या सपाट मुलखासाठी इतके कष्ट का घेतले गेले? कारण बहमनी राज्य फुटल्यानंतर विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांची सीमा याच पट्ट्यातून जात होती. १५२४ च्या सुमारास बुऱ्हाण निजामशहाचा विवाह इस्माईल आदिलशहाच्या बहिणीशी झाला. हुंड्यात सोलापूरचा किल्ला देण्याचे ठरले, पण तो निजामशहाच्या हाती पडला नाही. पुढची जवळजवळ चार दशके दोन्ही शाह्या या किल्ल्यासाठी पुन्हा पुन्हा लढल्या.

५/ भांडण मिटले तेही विवाहानेच. हुसेन निजामशहाने आपली कन्या चांदबिबी अली आदिलशहाला दिली आणि तिच्यासोबत सोलापूरही दिले. या सोयरिकीनंतरच दख्खनच्या शाह्या विजयनगरविरुद्ध एकत्र आल्या आणि १५६५ ची तालीकोटची लढाई झाली. ज्या किल्ल्याच्या बागेत आपण लहानपणी खेळलो, तो एकेकाळी दोन राज्यांमधील तहाचे सर्वांत महाग कलम होता!

६/ पहिली वाट : सोलापूरचा भुईकोट. ही वाट घरापासूनच सुरू होते. पहाटे सिद्धेश्वर तलावाच्या काठाने चालत किल्ल्याला बाहेरून पूर्ण प्रदक्षिणा घाला. मग आत शिरा. किल्ला बहमनी काळातला. एकात एक असे दोन तट, आणि त्यांच्यामधील मोकळी पट्टी म्हणजे रेवणी. बाहेरचा तट पडला, तर आत घुसलेला शत्रू या पट्टीत कोंडला जातो आणि आतल्या उंच तटावरून त्याच्यावर मारा होतो. रेवणीत उभे राहून दोन्हीकडे मान वर करून पाहा. मग 'कोंडी' या शब्दाचा अर्थ शब्दकोशाविनाच कळतो.

७/ जुन्या गॅझेटियरमध्ये या किल्ल्याच्या खंदकाची रुंदी शंभर ते दीडशे फूट दिली आहे. खंदक तीनच बाजूंना का? कारण उरलेल्या बाजूला तलाव आहे. हा तलाव बाराव्या शतकातील सिद्धरामेश्वरांनी खोदविला, असे परंपरा सांगते. लोकांची तहान भागावी म्हणून एका शिवयोग्याने पाणी साठविले आणि दोनशे वर्षांनंतर आलेल्या सुलतानांच्या स्थपतींनी त्याच पाण्याला तटाचा पहारेकरी नेमले. सपाट मुलखाचे पहिले उत्तर हे असे आहे : डोंगर नसेल, तर पाणी आडवे घाला.

८/ हे उत्तर किती काळ टिकले? मे १८१८ मध्ये जनरल मन्रोच्या फौजेने सोलापूरच्या पेठेवर हल्ला केला. दुसऱ्या बाजीरावाचे पायदळ आणि तोफा किल्ल्याच्या आश्रयाला होत्या. काही दिवसांतच किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. 'भुईकोट तो भुईकोटच' असे म्हणण्याचा मोह होईल, पण थांबा. त्याच मे महिन्यात रायगडही पडला. तोफगोळ्यांच्या नव्या युगात कड्याने वाचविले नाही आणि खंदकानेही नाही. दोन्ही दुर्गांचा शेवट एकाच महिन्यात लिहिला गेला.

९/ दुसरी वाट : नळदुर्ग. हैदराबाद रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर, धाराशिव जिल्ह्याच्या तुळजापूर तालुक्यात. एसटी थेट जाते. चारही किल्ल्यांत शरीराचा कस लावणारा हाच. बोरी नदीने कोरलेल्या खोल काठांवर आलेल्या पठाराच्या टोकावर हा किल्ला बसला आहे. नाव नळराजाचे आहे, असे लोककथा सांगते. आज दिसणारे दगडी तट-बुरूज मात्र प्रामुख्याने आदिलशाहीतले, सोळाव्या शतकाच्या मध्यापासून पुढे उभे राहिलेले आहेत.

१०/ फांजीवरून, म्हणजे तटाच्या माथ्यावरील चालवाटेवरून, जेवढे सुरक्षितपणे जाता येईल तेवढे चाला. बुरुजांची संख्या शंभराच्या पुढे सांगितली जाते. त्यांतला नवबुरूज नीट पाहा. त्याची भिंत सलग गोल न ठेवता पाकळ्यांसारखी फुगवत नेली आहे. अशा वळणावर आदळलेल्या गोळ्याचा जोर तिरका होऊन निसटतो, आणि आतून मारा करणाऱ्याला अनेक दिशा मिळतात. पाहणाऱ्याला ती शोभा वाटते. बांधणाऱ्याच्या मनात मात्र तोफ होती.

११/ किल्ल्याच्या मध्यभागी उपळी बुरूज एकटाच उभा आहे. पायऱ्यांची चढण सरळ आणि दमवणारी आहे. माथ्यावर हत्ती आणि मगर या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या लांब तोफा आहेत. येथे उभे राहिले की भोवतालचा सगळा मुलूख तळहातासारखा दिसतो. सह्याद्रीत टेहळणीसाठी सुळका आयता मिळतो, येथे तो दगडांनी रचावा लागला. उपळी म्हणजे हाताने बांधलेले शिखर. गड चढल्याचे समाधान सोलापूरकराला कोठे मिळत असेल, तर ते या पायऱ्यांवर.

१२/ आता नळदुर्गचा प्राण : पाणीमहाल. नळदुर्ग आणि शेजारचा रणमंडळ हे जोडकिल्ले, मधून बोरी वाहते. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ मध्ये, या दोहोंना जोडणारे दगडी धरण बांधले गेले. एका बांधकामाने किती कामे साधली ते मोजा. नदी अडली, म्हणजे वेढ्यात पाण्याची ददात नाही. पाणी तटाला भिडले, म्हणजे त्या बाजूने शिडी लावायला जागा नाही. आणि धरणाच्या माथ्यावरून एका किल्ल्यातून दुसऱ्यात जायला वाट झाली.

१३/ इतक्यावर तो स्थपती थांबला नाही. धरणाच्या भिंतीच्या पोटात त्याने दालने काढली. पावसाळ्यात सांडव्यांतून पाणी कोसळू लागले की त्या दालनांच्या झरोक्यांसमोर पाण्याचा पडदा सरकतो. आत उभा असलेला माणूस मात्र कोरडा राहतो. दोन सांडव्यांना लोकांनी नर आणि मादी अशी नावे दिली आहेत. चारशे वर्षे पुराचा मार खाऊन ही भिंत उभी आहे. सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, पण पावसाच्या भरवशावर. बोरीला पाणी नसेल, तर नर-मादीही नाहीत. शेवाळलेल्या दगडांवर धाडस दाखवू नका. तेथील घसरण सह्याद्रीच्या कड्याइतकीच निर्दय असते.

१४/ या किल्ल्यात एक लेखकही राहून गेला. १८५३ मध्ये निजामाने काही जिल्हे इंग्रजांच्या ताब्यात दिले, त्यांत नळदुर्गही होते. कारभारासाठी आला कर्नल मेडोज टेलर, ठगांवरील कादंबरीमुळे विलायतेत गाजलेला. किल्ल्यातील इमारतीतच त्याने मुक्काम केला. पुढे १८६३ मध्ये त्याची 'तारा' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिची नायिका तुळजापूरची आहे आणि काळ शिवाजी महाराजांच्या उदयाचा. नळदुर्गच्या मुक्कामात पाहिलेला मुलूख त्याने इंग्रजी वाचकापुढे असा ठेवला.

१५/ तिसरी वाट : परांडा. बार्शीमार्गे सुमारे शंभर किलोमीटर, म्हणून पहिली एसटी चुकवू नका. बहमनी वजीर महमूद गावान याच्याशी या किल्ल्याचे नाव जोडले जाते. पाणी भरलेला खंदक, दुहेरी तट, आणि दरवाजांची अशी मांडणी की आत शिरणाऱ्याला सरळ धावताच येऊ नये. प्रत्येक वळणावर वरून जंग्यांची, म्हणजे माऱ्यासाठी ठेवलेल्या भोकांची, नजर असते. हत्तीला धडक मारण्यासाठी वेग लागतो, आणि वेगासाठी सरळ वाट लागते. परांड्याने ती वाटच काढून घेतली.

१६/ १६०० मध्ये अहमदनगर मोगलांच्या हाती पडले, तेव्हा निजामशाही संपली असे वाटले होते. मलिक अंबरने दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसविले आणि परांड्याहून राज्य पुन्हा उभे केले. म्हणजे आज शांत वाटणारे हे तालुक्याचे गाव काही काळ राजधानी होते. राजधानी गमावलेल्या राज्याने आसरा घेतला तो सह्याद्रीच्या शिखरावर नव्हे, या सपाट भुईवर. हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

१७/ परांड्याची सर्वांत प्रसिद्ध वस्तू मात्र आज परांड्यात नाही. मलिक-ए-मैदान ही सुमारे ५५ टनांची तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली आणि पुढे परांड्याच्या किल्ल्यात आली. १६३२ मध्ये आदिलशाहीचा सरदार मुरार जगदेव याने ती विजापूरला नेली. ती ओढायला शेकडो बैल आणि हत्ती लागले, अशी कथा आहे. विजापूरला गेलात तर बुरुजावर ती दिसेलच. परांड्याच्या बुरुजांवर उरलेल्या तोफाही थोड्या नाहीत. त्यांवरचे कोरीव लेख शांतपणे पाहा, आणि कृपा करून त्यांच्यावर चढून छायाचित्रे काढू नका.

१८/ आता परांड्याचे खरे उत्तर. १६३१ मध्ये मोगल सेनापती आझमखानाने किल्ल्याला वेढा घातला, पण चाऱ्याअभावी त्याला तो उठवावा लागला. आसमंतात जनावरांना गवत उरले नव्हते. तो १६३०-३२ च्या भीषण दुष्काळाचा काळ. १६३४ मध्ये शहाजादा शुजा आणि महाबतखान आले आणि तेही पावसाळा तोंडावर असताना माघारी फिरले. खंदक, तट, तोफ यांच्या जोडीला या मुलखाकडे आणखी एक अस्त्र होते : अवर्षण. ज्या कोरडेपणाला आपण पिढ्यान्‌पिढ्या शिव्या घातल्या, त्यानेच एकदा मोगलांच्या फौजा परतविल्या.

१९/ पण हे अस्त्र दुधारी होते. वेढा घालणाऱ्याची घोडी ज्या दुष्काळात मेली, त्याच दुष्काळात रयतही मेली. तिच्या नावाचा एकही शिलालेख कोणत्याही बुरुजावर नाही. किल्ल्याच्या विजयाची गोष्ट सांगताना तटाबाहेरच्या गावांची आठवण ठेवणे हे इतिहासाच्या वाचकाचे कर्तव्य आहे. सोलापूरच्या माणसाला ते वेगळे समजावून सांगायला नको. दुष्काळ म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांनी सांगितलेले आहे.

२०/ चौथी वाट : माचणूर. मंगळवेढ्याच्या रस्त्याने सुमारे ४० किलोमीटर, भीमेच्या काठी. ही थंडीतली वाट, विशेषतः जानेवारीतली. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी निसवलेली असते आणि हुरड्याचे दिवस असतात. सिद्धेश्वराचे मंदिर, नदीत उतरणारे घाट आणि त्यालगतचा किल्ला. माचणूर आणि ब्रह्मपुरी ही शेजारची गावे. दोहोंमधील नदीकाठ पायी चाला. चढ नाही, सावली थोडी, आणि पायाखाली सतराव्या शतकाचा शेवट.

२१/ कारण १६९५ ते १६९९ अशी सुमारे साडेचार वर्षे औरंगजेबाची मुख्य छावणी येथे होती. ब्रह्मपुरीचे नाव त्याने इस्लामपुरी ठेवले. विजापूर १६८६ ला आणि गोवळकोंडा १६८७ ला जिंकून झाले होते. काबूलपासून दक्षिणेपर्यंत पसरलेल्या साम्राज्याचे हुकूम या नदीकाठच्या तंबूंतून सुटत होते. येसूबाई आणि शाहूराजे बादशहाच्या कैदेत होते, तेही याच छावणीच्या आश्रयाला. साऱ्या हिंदुस्थानचा कारभार सोलापूरहून एका दिवसाच्या वाटेवर येऊन थांबला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

२२/ सोलापूरच्या किल्ल्याने आणि नळदुर्गने पाण्याला पहारेकरी नेमले होते. माचणूरला पाण्याने चाकरी नाकारली. १६९७ च्या पावसाळ्यात भीमेला महापूर आला आणि बादशाही छावणीची मोठी हानी झाली. दुष्काळाने १६३१ ला मोगलांना परतविले, पुराने १६९७ ला बुडविले. या भूमीवर सत्ता गाजवायची तर तिच्या नद्यांचा आणि पावसाचा स्वभाव जाणावा लागतो. नळदुर्गच्या स्थपतीला तो ठाऊक होता. आलमगीराला त्याची किंमत मोजावी लागली.

२३/ ऑक्टोबर १६९९ मध्ये, वयाच्या एक्याऐंशीच्या उंबरठ्यावर, औरंगजेब या छावणीतून उठला आणि स्वतः मराठ्यांचे डोंगरी किल्ले घ्यायला निघाला. सारा सपाट मुलूख पायाखाली घालूनही सह्याद्री उरला होता. म्हणजे साताऱ्याच्या वेढ्याची गोष्ट माचणूरच्या घाटावर सुरू होते. गिरिदुर्गांचा इतिहास वाचणाऱ्याने एकदा तरी या सपाटीवर उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. त्या गडांची उंची खरी कळते ती येथून.

२४/ शेवटी पुन्हा नळदुर्ग. १३ सप्टेंबर १९४८. मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सेनेची मुख्य तुकडी सोलापूरहून हैदराबादच्या दिशेने निघाली. पहिला सामना नळदुर्गला झाला. सातव्या ब्रिगेडने वेगाने चाल करून बोरी नदीवरील पूल उद्ध्वस्त होण्याआधी ताब्यात घेतला आणि शीख पलटणीने हैदराबादी मोर्चांवर हल्ला केला. त्याच दिवशी दुपारी सेना उमरग्याला पोहोचली. १७ सप्टेंबरला निजामाची राजवट शरण आली आणि मराठवाडा मुक्त झाला.

२५/ रणगाड्यांच्या आणि विमानांच्या काळातही पहिली अडचण कोणती होती? बोरी नदी. आदिलशाही स्थपतीने जिला शस्त्र बनविले, तीच नदी. सव्वातीनशे वर्षांनंतरच्या सेनाधिकाऱ्यालाही तिचा हिशेब आधी मांडावा लागला. सोलापूरहून निघालेली तुमची एसटी आज तोच रस्ता तासाभरात पार करते. खिडकीतून बोरी दिसली की क्षणभर डोके वर करा.

२६/ निघण्यापूर्वी थोडे व्यवहाराचे. ऊन हीच येथली खरी चढण आहे. मार्च ते मे टाळा, पहाटे निघा, अकराच्या आत तटावरची चाल संपवा. दोन माणसांमागे चार-पाच लिटर पाणी घ्या. शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी याहून चांगले काही नाही. वाढलेल्या गवतात आणि दगडांच्या सांध्यांत हात घालू नका, विंचू-साप असतात. ढासळत्या तटाच्या कडेने चालू नका. आणि भिंतीवर आपले नाव कोरण्याआधी एवढेच आठवा की पाणीमहाल बांधणाऱ्या पाथरवटांनीही तेथे आपली नावे मागे ठेवली नाहीत.

२७/ 'आमच्याकडे गड नाहीत' असे आता कोणी सोलापूरकर म्हणाला, तर त्याला एका रविवारी सोबत घ्या. सह्याद्रीने मराठ्यांना दुर्ग दिले. या पठाराने काहीच दिले नाही, म्हणून येथल्या माणसांनी खंदक खणले, नद्या अडवल्या, शिखरे रचली आणि दुष्काळ सोसला. मग दुर्गम काय, डोंगर की त्या माणसांची जिद्द? उत्तर उपळीच्या शेवटच्या पायरीवर बसून, दम खात शोधा. धागा येथे संपवतो. आपल्या गावालगतचा कोणता भुईकोट आपण पाहिला, तो खाली अवश्य लिहा.